मोटारीची उंची

चिंचवडच्या आमच्या दारात त्या सकाळी हे गाडीत बसायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. एक पाय आत, एक बाहेर, हात दरवाजावर... खालीही जाता येईना, वरही येता येईना.

मी धावले. काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. ते घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे ही. मी आता नव्वदीत... नातीने फोनवर मराठी लिहायला शिकवलंय, म्हणून एकेक अक्षर शोधत लिहितेय.

हे कारखान्यात इंजिनियर होते. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स मोटार यांनी हौसेने घेतली होती. हिरवी, इतकी बुटकी की बसल्यावर हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल. रविवारी आम्ही मोशीला इंद्रायणीपर्यंत जायचो. वळण आलं की हे वेग कमी करायचेच नाहीत आणि माझ्याकडे बघून हसायचे. मी ओरडायचे... आणि मला ते आवडायचंही.

मग कारखान्यात यांच्यावर एक जड खोका पडला. डावा खुबा मोडला. हाड जुळलं, पण सांधा कायमचा आखडला. काठी घेऊन चालता यायचं, पाय वाकायचा नाही. वय होतं बत्तीस.

घरी आल्यापासून हे बोलेनासे झाले. जेवण पुढे ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचेही नाहीत. मला भीती वाटायला लागली होती... कसली, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगत नव्हते.

त्या सकाळनंतर शेवटी मी गेनबा मिस्त्रींना बोलावलं. चिंचवड गावातलेच, लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केलेले. त्यांनी गाडी पाहिली, मग यांच्या पायाकडे पाहिलं.

"सायब वाकत न्हाईत, तर गाडीच वर उचलू वैनी," ते म्हणाले. "स्प्रिंगच्या पाट्यात जादा पानं, म्हंजी पोलादी पट्ट्या, घालतो. चार बोटं वर यील."

आणि खरंच आली. हे सीटवर आधी टेकले, मग हाताने पाय उचलून आत घेतला. बसले! क्लच अवघड जात होता, पण दाबला गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण गाडी एका बाजूला ओढायला लागली. उंची बदलली की चाकांची दिशाही बिघडते, हे मला तेव्हा कळलं. मिस्त्रींनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तर हे आपणहून स्टूल घेऊन बसले.

"पुढची दोनी चाकं एकमेकाकडं किंचित बघाया पायजेत," मिस्त्री नट फिरवत म्हणाले.

"अजून थोडं आत घ्या," हे म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचा तो आवाज ऐकला... कामातला. त्या दिवशी मी शिरा केला.

रविवारी आम्ही मोशीच्या रस्त्याला लागलो. सरळ रस्त्यावर गाडी छान चालली. मी डोक्याला रुमाल बांधला होता, पूर्वीसारखा.

पहिलं वळण आलं आणि गाडी एकदम बाहेरच्या बाजूला कलली. मी दरवाजा धरला. यांनी वेग कमी केला. पुढच्या वळणावर आणखी कमी केला... तरी ती डुललीच. मागून आलेला एक सायकलवाला आम्हाला ओलांडून पुढे गेला.

यांनी गाडी बाभळीखाली थांबवली. इंजिन बंद केलं.

"सुमन, ही आता ती गाडी नाही," ते म्हणाले.

"होईल हो सवय..."

"मला सवय होईल. पण हिला का पांगळी करायची?"

मी डोक्याचा रुमाल सोडला. 

दुसऱ्या दिवशी यांनी मिस्त्रींना निरोप पाठवला. जादा घातलेली पानं काढा, गाडी पूर्वीइतकी खाली घ्या.

"सायब, मंग तुमास्नी बसता याचं न्हाई," मिस्त्री आल्या आल्या म्हणाले.

"माहीत आहे. विकायची आहे. घेणाऱ्याला नीट गाडी मिळू दे."

पुन्हा सुतळी ताणली, पुन्हा हे स्टुलावर बसले. या वेळी तर जास्तच बारकाईने... मिस्त्री 'झालं' म्हणाले तरी यांनी परत तपासायला लावलं. मी दारात उभी राहून बघत होते. माझा नवरा दुसऱ्या कुणासाठी तरी गाडी तयार करत होता.

पुण्याचा एक तरुण ती घेऊन गेला. मला वाटलं, हे तोंड फिरवतील. पण हे काठीवर रेलून बघत राहिले. कोपऱ्यावर गाडी वेगात वळली.

"बघितलंस? जराही डुलली नाही," हे म्हणाले. आणि आत गेले.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. मी लपवणार नाही... सकाळी उठले की आधी यांचा श्वास चालतोय का ते बघायचे. शिकलेल्या ओळखीच्या लोकांनी येणं हळूहळू थांबवलं. काय बोलायचं, हा त्यांनाही प्रश्नच असेल.

गेनबा मिस्त्री मात्र येत राहिले. दुरुस्तीला दारात काही उरलं नव्हतं, तरी संध्याकाळी ओट्यावर यांच्या शेजारी येऊन बसायचे.

एकदा मी चहा घेऊन निघाले आणि उंबऱ्याशीच थांबले. हे रडत होते... अपघातानंतर पहिल्यांदा. मिस्त्री धीर देत नव्हते, समजूत घालत नव्हते. नुसते बसून होते.

मी चहा घेऊन परत आत गेले. दोघंही आज नाहीत. मिस्त्री, तुमच्या त्या बसण्यासाठी हात जोडायचे राहून गेले होते... आज जोडते.