ताडपत्रीखालची गाडी

दादा हाडाचा मेकॅनिक. तरुणपणी दोघा भावांनी एकसारख्या दोन जुन्या स्पोर्ट्स कार घेतल्या होत्या. धाकटा नोकरीसाठी दूर गेला आणि जाताना आपल्या गाडीवर ताडपत्री टाकून म्हणाला, "दादा, हिला जप."

पुढे आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली. तिला बसवत नसे, म्हणून दादाने आपल्या गाडीची बाजूची सीट कापली, पट्ट्या वेल्ड केल्या आणि ती पार आडवी करून टाकली. मग कार्बोरेटर गेला. त्या मॉडेलचा साधा स्क्रूसुद्धा बाजारात मिळत नव्हता. दादाने ताडपत्री उचलून धाकट्याचा कार्बोरेटर काढला, "तात्पुरता" असं स्वतःला बजावत. पुढे गिअरबॉक्स काढला, शेवटी अख्खं इंजिनच. ताडपत्रीखाली सांगाडा उरला.

आई गेली, तेव्हाही धाकटा फिरकला नाही. उगवला तो वर्षाने, गाडी न्यायला. सांगाडा पाहून त्याचं टाळकंच सटकलं. "इंजिन माझं, गिअरबॉक्स माझा, म्हणजे ही गाडीही माझीच!" म्हणत तो दादाच्या गाडीत जाऊन बसला. दादाने किल्ली दिली.

धाकट्याने शेजारी नजर टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, या सीटची ही वाट कुणी लावली?"