घमेलेवालीचे चांदीचे डोळे

दत्तूच्या दगडी घमेलेवालीचा शेवटचा फोटो काढायला मी जयपूरला गेलो. माझ्या ह्या मूर्तिकार मित्राचा उजवा हात पक्षाघातानं गेलेला. विद्यापीठाच्या आवारातली ही मजूरबाई त्याचं एकमेव मोठं काम, आणि नव्या रस्त्यासाठी ती तोडणार होते. "चेहरा नीट घे," एवढंच तो म्हणाला होता.

स्टेशनवर पाध्ये न्यायला आले. मूळचे सांगलीचे, इथं अर्थशास्त्र शिकवतात. त्यांच्या मराठीत 'मतलब' इतका मुरलाय की तो काढला तर वाक्यच कोसळेल. त्यांच्या घरी राबडी (ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ) पिऊन आम्ही ऊन चढायच्या आत टांग्यानं निघालो. आवारात जिकडेतिकडे विटा, चुना, अर्धवट भिंती, आणि मागे बोडके डोंगर.

पुतळा दिसला आणि मी हबकलोच. नाक, ओठ, सगळं शेंदराखाली बुजलेलं. वर चांदीचे वटारलेले डोळे चिकटवलेले. घमेल्यावर लाल ओढणी, पायाशी दहीभात आणि माश्या. ज्या चेहऱ्यासाठी एवढ्या लांब आलो तो शिल्लकच नव्हता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. होळीनंतर पाध्ये इकडे फिरकलेच नव्हते, तेही थिजले. मग म्हणाले, रॉकेलनं धुऊ. कामावरच्या कंदिलातलं रॉकेल मागून मी बोळा भिजवला, तोच एक मजूरबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"हाथ मत लगाओ, बाबूजी. शीतला माता छै."

मी मोडक्या हिंदीत सांगितलं, ही तुमच्यासारखीच मजूर आहे, डोक्यावर घमेलं बघा.

"घमेलो कोनी (घमेलं नाही). सूप छै."

पाध्यांनी कपाळावर हात मारला. शीतलामाता ही देवीच्या रोगाची देवता, आणि तिच्या डोक्यावर सूपच असतं. ह्या बाईच्या मुलीला देवी आल्या होत्या. इथं दही वाहिलं आणि पोर उठून बसली, असं ती सांगत होती. बोळा माझ्या हातातच राहिला.

मी रस्त्याचं विचारलं. तिनं खाली बोट दाखवलं. चुन्याची रेघ सरळ येऊन पुतळ्यापाशी चक्क वळसा घालून गेली होती. एकाही मजुरानं कुदळ लावली नव्हती. शेवटी ठेकेदारच नारळ फोडून गेला होता.

मी होती तशीच तिची छायाचित्रं घेतली. परतीच्या गाडीत आनंद मानावा की सुतक धरावं, मला कळेना.

कोल्हापुरात दत्तूला सगळं सांगून फोटो हातात दिला. तो चिडेल म्हणून मी अंग चोरून बसलो होतो.

"वाचली," तो म्हणाला.

मग डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं ते चांदीचे डोळे झाकले, आणि उरलेल्या शेंदरात आपली बाई कुठं दिसते का ते शोधत राहिला.