चार रंगांचे अंगठे

"हात दाखवा, सायेब."

वडिवळ्याच्या त्या घरात गेलं की पाणी नंतर, आधी हे. तळहात, मग उलटे हात, मग नखं. घाम दिसला की आबा मोरीकडे बोट दाखवत. धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवून आलो की मगच ते पलंगावरची गादी उचलत. गादीखाली प्लायवूडच्या दोन फळ्या आणि फळ्यांच्या मध्ये ते चार कागद. त्यांच्यासाठी मी लोणावळ्याहून दर रविवारी जायचो.

गोळीच्या पुडीतून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रं तुमच्यापैकीही काहींनी जमवली असतील. मी पन्नाशीतही जमवतो. पण सुटी चित्रं पुष्कळांकडे सापडतात. आबांकडे होती ती प्रूफं, म्हणजे छपाई सुरू करण्याआधी रंग नीट बसतोय का ते बघायला काढलेले अख्खे, न कापलेले कागद. एकेका कागदावर चोवीस खेळाडू. पहिल्यावर सगळे नुसते पिवळे, कावीळ झाल्यासारखे. दुसऱ्यावर पिवळ्यात लाल मिसळलेला. तिसऱ्यावर निळा आला की मैदान हिरवं होई. चौथ्यावर काळा, आणि मग कुठे त्या चेहऱ्यांत जीव येई.

आबा तळेगावच्या एका छापखान्यात मशीनमन होते. छापखाना बंद पडला तेव्हा रद्दीच्या ढिगातून त्यांनी हे चार कागद काढून आणले. आमच्याकडच्या ओलीत कागद टिकत नाही, म्हणून पावसाळाभर पलंगाखाली एक बल्ब जळत असे.

"माज्या लुगड्यांना बुरशी आली तरी चालंल," आबांची बायको, आमच्या मावशी, म्हणायच्या. "ह्यांच्या कागदांना दिवा पायजे."

"लुगडं दुकानात मिळतंय," आबा म्हणायचे. "ह्ये कुटं मिळतंय का बघून ये."

माणूस रागीट. मी चिक्की न्यायचो, तर खोक्यावरच्या छपाईवरूनच सुरुवात. "लाल सरकलाय. डोळं हायेत का न्हाईत ह्यांना?" शिव्या घालता घालता अर्धी चिक्की संपवायचे.

प्रत्येक कागदाच्या खालच्या कोऱ्या कडेला एक अंगठा उमटवलेला होता, त्या त्या रंगाच्या शाईचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी म्हणालो, "आबा, डाग पडलाय इथे."

"डाग?" त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "मालक वर 'ओके' लिवून सही ठोकायचा. रंग कुनी बसवला? म्या. मला कुनी सही मागितली न्हाई. मंग म्या आपला अंगठा दिला."

"पण तुम्हाला सही येते की."

"सही कुनीबी करंल. अंगठा माजाच."

लोणावळ्यात छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. नाणी, काडेपेट्या, तिकिटं. ते चार कागद तिथे लागावेत म्हणून मी तीन रविवार आबांच्या मागे लागलो. शेवटी म्हणाले, "द्येतो. पन समदं दिसलं पायजे. अंगठ्यासकट. कुनी छापलं ते लोकांना कळू द्या एकदा."

मी शब्द दिला.

फ्रेमची मापं मीच घेतली. चित्रांची घेतली, कागदाची नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फ्रेमवाल्याचा फोन आला. "साहेब, कागद खाली दीड इंच जास्त येतोय. मागे दुमडू का कापू?"

दुमडलं तर घडीची रेघ उमटणार. घडी पडलेला कागद म्हणजे आम्हा संग्राहकांच्या लेखी मेलेला कागद. नव्या फ्रेमला दोन दिवस लागणार होते. मी म्हणालो, "काप."

त्या घाईत अंगठ्यांचं भानच राहिलं नाही, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे. भान होतं. फोन कानाला असताना चारही अंगठे मला दिसत होते. आणि मनात आलं, बरंच झालं, चित्रं स्वच्छ दिसतील. आबा एवढं सांगून थकले, तरी माझ्या लेखी तो डागच होता. ह्याचा राग मला अजून येतो, आणि तो ओसरू नये असंच वाटतं.

सकाळी आबा इस्त्रीचा सदरा घालून मावशींना घेऊन आले. पहिल्या फ्रेमपुढे थांबले, वाकून काचेच्या खालच्या कडेकडे पाहिलं. मग दुसरी. तिसरी. चौथी. मी ओरडा खायला तयार होतो; खरं तर मला तो हवाच होता. शेजारी एक शिक्षिका उभ्या होत्या. मी आधीच त्यांना सांगून ठेवलं होतं की छापणारे आबा येणार आहेत. त्यांनी विचारलं, "काका, हे तुम्ही छापलंत?"

"न्हाई," आबा म्हणाले. "खाली नाव लिवलंय की."

फ्रेमखालच्या चिठ्ठीवर माझं नाव होतं. 'यांच्या संग्रहातून.' तेही मीच लिहून दिलेलं.

"अवो, असं काय बोलताय? तुमीच तर..." मावशी म्हणाल्या.

"चल. गाडी जाईल."

ते गेले. तासाभराने आयोजकांनी मला शाल दिली. मी ती घेतली, आणि फोटोसाठी हसलोसुद्धा.

पुढच्या रविवारी कागद परत घेऊन गेलो. मावशी दारातच उभ्या राहिल्या. "झोपल्यात ते. ठिवा तितं." आतून आबांचं खोकणं ऐकू येत होतं. दिवाळीनंतर ते गेले. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

कापलेल्या पट्ट्या मी शोधल्या नाहीत असं नाही. प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी फ्रेमवाल्याकडे गेलो होतो.

"जाड कागद होता साहेब, फेकतोय कशाला?" तो म्हणाला. "फ्रेमांच्या मागे भरला. काच हलत नाही त्याने."

"कुठल्या फ्रेमांच्या?"

"ते आता कसं सांगू? परवापासून वीस-बावीस गेल्या. कुसगावच्या हॉटेलांतच निम्म्या."

गेल्या महिन्यात कुसगावच्या एका हॉटेलात कुणाचा तरी साखरपुडा होता. जेवणाची रांग सोडून मी बाहेरच्या खोलीत आलो, भिंतीवरचा धबधब्याचा फोटो उतरवला आणि किल्लीने त्याच्या मागचे खिळे उचकटू लागलो. दोन निघाले होते, तेवढ्यात मॅनेजर आला.

"काका, काय करताय?"

"मागे एका माणसाचा अंगठा आहे का बघतोय."

त्याने फोटो माझ्या हातातून काढून घेतला, खुर्चीवर चढला आणि माझा हात पोचणार नाही अशा उंचीवर टांगला.