वाक्याचा शेजार

चादरमावशीला राग पटकन येत नसे, आणि एकदा आला की पटकन जातही नसे. इस्पितळाच्या धुलाईघरात एकवीस वर्षं सोड्याच्या पाण्यात हात घालून तिच्या बोटांची सालटी निघाली होती, पण तोंडातून वाकडा शब्द कधी निघाला नव्हता. सकाळी देवाचं नाव घ्यायचं, पदर खोचायचा आणि गाठोडी सोडायला बसायचं.

गाठोडी सोडण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चादरींवर वॉर्डाची खूण असे, पण धुऊन धुऊन निम्म्या खुणा पुसलेल्या. खूण नसलेली चादर दिसली की बाकीच्या बायका ती हिच्यापुढे टाकत. मावशी चादरीकडे बघतही नसे, तिच्यासोबत काय आलंय ते बघे. चिमुकली दुपटी असली तर बाळंतिणींचा वॉर्ड, प्लास्टरची पांढरी भुकटी सांडली तर हाडांचा.

"चादरीला काय विचारता," ती म्हणे, "तिच्या शेजाऱ्यांना विचारा. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक असतं."

त्या वर्षी कपड्यांच्या कोठारात कारकुनाच्या दोन जागा निघाल्या. आधी आतल्या लोकांची परीक्षा, पन्नासात पस्तीस मिळवणारा पास. वयाची अट पन्नास. मावशीला एकोणपन्नास चालू होतं, म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. कोठारात गेली तर हात कोरडे राहणार होते. डॉक्टरांनी ते तिला दोनदा बजावलं होतं.

घरी सुनेने शिकवायला घेतलं. भाजी निवडता निवडता ती वाक्यं घाली आणि कंसातला योग्य शब्द निवडायला सांगे. मावशी सगळे शब्द पाठ करू पाही आणि सगळेच विसरे. शेवटी सून म्हणाली, "आई, गाळलेली जागा म्हणजे खूण पुसलेली चादर समजा. आजूबाजूचे शब्द बघा. ते सांगतील कोण हरवलंय."

मावशी भाजी तशीच हातात धरून बसली. "अगं, मग हे आधी नाही का सांगायचंस? दोन महिने उगाच पोपटासारखी पाठांतरं करायला लावलीस."

"तुम्हीच म्हणालात, आधी पाठ करते म्हणून."

"मी काहीही म्हणेन. तू शिकवणारी आहेस ना?"

त्या दिवसापासून सुनेच्या वाक्यांत तिचा शब्द क्वचितच चुके.

परीक्षेला अकरा जण बसले. निकाल लागला तेव्हा अकराच्या अकरा नापास. मावशीला चौतीस आणि तिची मैत्रीण इस्त्रीवाली, तिलाही चौतीस. दोन्ही जागा आता बाहेरून भरणार, असं फळ्यावर लागलं. अधीक्षक साहेब व्हरांड्यात कोणालातरी सांगत होते, "धुण्यात आयुष्य गेलेल्यांना शब्दांची पारख कुठून असणार?" मावशी तेव्हा मागून गाडा ढकलत चालली होती. तिने गाडा थांबवला नाही, पण तिचे कान तापले.

जेवणाच्या सुट्टीत ती कचेरीत गेली आणि कारकुनाला म्हणाली, "माझा पेपर दाखवा."

चुकलेल्या उत्तरांत एक वाक्य होतं: परिचारिकेने रुग्णाला ____ दिला. पुढे धीर, आधार, निरोप, नकार असे चार शब्द. मावशीने धीर लिहिलं होतं.

"बरोबर उत्तर आधार आहे," कारकून म्हणाला.

"कशावरून?"

"उत्तरांच्या यादीत आहे म्हणून."

"यादी राहू द्या. वाक्यात कुठे आहे ते दाखवा. आजूबाजूला कोणीच नाही की. उघडंबोडकं वाक्य. यात निरोपसुद्धा बसतो आणि नकारसुद्धा. परीक्षेतही मी या ओळीपाशी अडले होते. म्हटलं, आपलंच काही चुकत असेल."

कारकुनाने नाइलाजाने कपाटातून मूळ हस्तलिखित काढलं. तिथे वाक्य असं होतं: जिना उतरताना पाय लटपटले, तेव्हा परिचारिकेने खांदा पुढे करून रुग्णाला ____ दिला.

मावशीने ते दोनदा वाचलं. मग हळू आवाजात विचारलं, "जिना कुठे गेला, भाऊ?"

"पेपर एका कागदावर बसत नव्हता. चार वाक्यं जरा कापली."

"जरा? पाय कापलेत, खांदा कापलाय, आणि वर आम्हाला विचारता काय दिलं म्हणून?"

तिचा आवाज ऐकून साहेब बाहेर आले. कागद बघून त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. त्यांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि कारकुनाकडून एक पत्र टाइप करून घेतलं. "घ्या मावशी, तुमचं काम झालं. सही करा आणि बाहेर बोलू नका."

पूर्वीची मावशी सही करून मोकळी झाली असती. आता तिला अख्खं वाक्य वाचायची सवय लागली होती. 'प्रश्न अपुरा छापला गेल्याने, अर्जदाराच्या वयाचा सहानुभूतीने विचार करून एक गुण वाढवण्यात येत आहे.'

तिने पेन खाली ठेवलं. "साहेब, हा शब्द इथे बसत नाही."

"कोणता?"

"सहानुभूती. शेजारी बघा ना. प्रश्न अपुरा छापला, असं तुम्हीच लिहिलंय. मग पुढे चूक येते. सहानुभूती कुठून आली?"

साहेब हसले. "चूक लिहिली तर अकराही जणांना गुण द्यावे लागतील."

"मग द्या. माझ्या म्हातारपणाची कीव करून एक गुण नको मला. जे माझं आहे ते भीक म्हणून का घेऊ?"

"सही नसेल तर जागाही नाही, मावशी. विचार करा."

तिने हातांकडे पाहिलं. बोटांच्या भेगा लालबुंद झाल्या होत्या. मग मनात देवाचं नाव घेऊन ती उठली.

धुलाईघरात इस्त्रीवाली म्हणाली, "वेडी आहेस का गं मावशे? हातचं सोडून आलीस?"

"आधी कागद आण. मग शिव्या दे."

अर्जावर अकरा सह्या पडल्या. मावशीने कारकुनाकडून उतरवून आणलेली मूळ वाक्यं आणि छापलेली वाक्यं सुनेने शेजारी शेजारी लिहून दिली. वरच्या कचेरीत तो अर्ज पोचला आणि पंधरा दिवसांत चारही प्रश्नांचे पूर्ण गुण सगळ्यांना द्यायचा हुकूम आला. फळ्यावर नवी यादी लागली. पहिली इस्त्रीवाली, दुसरी चादरमावशी. जागा दोनच होत्या.

इस्त्रीवाली तिच्या गळ्यात पडली. मावशीचं लक्ष मात्र यादीच्या वरच्या ओळीकडे होतं. 'प्रश्नपत्रिकेतील किरकोळ चुकीमुळे सुधारित निकाल.'

"किरकोळ," ती म्हणाली. "अकरा माणसांना अडाणी ठरवलं, आणि किरकोळ."

"असू दे ना आता. मिळालं ना तुला?"

मावशीने कमरेचं पेन काढलं. चादरींवर नव्याने खुणा करायला नुकतंच मिळालेलं होतं ते, सोड्यात उकळलं तरी न जाणाऱ्या शाईचं. साहेब व्हरांड्यातून येत होते. ते जवळ येईपर्यंत ती थांबली आणि मग त्यांच्यादेखत तिने त्या एका शब्दावर जाड रेघ ओढली.