पलीकडची लेक

आमच्या आयेला दोन लेकी. एक मी, सुगंधा. मला गावातच दिली आणि बाबा गेल्यावर आये माझ्याकडेच आली. धाकटी सुभद्रा नदीपलीकडे दिली, आणि म्हणूनच ती लाडकी झाली.

आयेने जन्मभर ओहोटीच्या पाण्यात बसून तिसऱ्या शिंपल्या काढल्या आणि मालवणच्या बाजारात विकून आम्हाला वाढवलं. आता तिचे गुडघे गेले. पेज मी करून देते, पाठीला तेल मी चोळते. आणि तोंडात नाव कोणाचं? सुभद्रेचं. सुभद्रेच्या हाताला चव, सुभद्रेचं बोलणं गोड. पूर्वी मधे नुसती होडी होती, तीही भरतीच्या मर्जीने, त्यामुळे बाई वर्षातून दोनदा उगवायची. दोन दिवस गोड बोलायला कोणाच्या बापाचं काय जातं!

मग नदीवर पूल झाला. लोखंडी कमानीचा, लालभडक. पार कसालपासून माणसं फोटो काढायला आली. मी मात्र मनात म्हटलं, आता ही उठसूट येणार.

आलीच. आणि एके दिवशी रिक्षा आणून आयेला चार दिवसांसाठी घेऊन गेली. आयेने ठेवणीतलं लुगडं नेसलं, जे माझ्या पोरांच्या बारशांनाही कधी निघालं नव्हतं. रिक्षा कमानीखालून पलीकडे जाईपर्यंत मी अंगणात उभी होते. जळत होते, खोटं कशाला बोलू? ती तिथेच राहते म्हणाली तर? मग मी एवढी वर्षं केलं ते कोणासाठी?

आठवडा झाला, आये येईना. मग सुभद्रेचा फोन आला, आवाज चढलेला. आये म्हणे नीट जेवत नाही. सार केलं तर सुगंधाचं सार बरं, अंथरूण घातलं तर सुगंधाचं अंथरूण बरं. ओटीवर बसून पुलाकडे बघत असते आणि येईल त्या शेजारणीला सांगते, माझी सुगंधा म्हणजे सोनं.

सोनं! माझ्या घरात हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"बाय, तू पेजेत घालतस तरी काय गो?" सुभद्रा रडकुंडीला आली होती. "माका सांग."

पेजेत काय घालणार? तांदूळ, पाणी, मीठ.

"ता तुका जमाचा नाय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

लगेच रिक्षावाल्याकडे निघाले, आयेला आणायला. पायरीवरच थांबले. ती घरी आली की परत सुभद्रेचं कौतुक सुरू होणार. म्हटलं, राहू दे अजून चार दिवस तिकडेच.