जाळीचा झेंडा

रोलो खोटं बोलायला लागला की एका दमात तीनदा ‘भावा’ म्हणायचा. एरवी देल्फोरला तो ‘पिंपा’ म्हणे. देल्फोरच्या पोरीचा धर्मपिता झाला, त्या दिवशी चर्चच्या दारात पाद्रीबुवांसमोरसुद्धा ‘ए पिंपा, सरक की’ असंच ओरडला होता. त्यामुळे फोनवर ‘भावा, शनिवारी झेंडा घेऊन ये भावा, धुऊन आण हं भावा’ असं आलं, तेव्हा कपडे पिळता पिळता ओदिलियाने नवऱ्याकडे मान वळवली.

“कितीदा म्हणाला?”

“तीनदा.”

“मग झेंडा राहू दे. आधी तुझी गिटार जागेवर आहे का बघ.”

देल्फोर हसला. तीस वर्षांचा बँड. शनिवारी त्यांच्याच वस्तीच्या, कोलोनिया लुसेरोच्या मैदानावर वाढदिवसाचा कार्यक्रम होता. राजधानीतून रेकॉर्डवाले येणार होते, चित्रीकरण होणार होतं. त्यात बेस गिटार देल्फोर अंतिलेओ नाही तर कोण वाजवणार?

बँडचं नाव ‘ग्रानिसो’, म्हणजे गारपीट. नाशपाती-सफरचंदांच्या खोऱ्यात असलं नाव ठेवायचं तर अक्कल गहाण टाकावी लागते, आणि ती या तिघांनी विशीतच टाकली होती. रोलो गायचा, बेतो ड्रम बडवायचा, देल्फोर मागे खांबासारखा उभा. त्यांचं पोस्टर दिसलं की बागायतदार आधी आभाळाकडे बघायचे. एका लग्नात दुसरं गाणं सुरू होतंय तोच खरोखर गारा कोसळल्या आणि नवरीचा बाप फावडं घेऊन बँडच्या मागे धावला. तरी ते वाजवत राहिले. अग्निशमन दलाच्या जेवणावळीत, पेट्यांच्या गोदामात, पेट्रोल पंपाच्या उद्घाटनाला. शीतगृहात देल्फोरला मुकादम करत होते, पण शनिवारची पाळी पडेल म्हणून यानेच नको म्हटलं. ओदिलियाने त्यावर तेव्हा काही म्हटलं नाही. नंतर मात्र पुष्कळदा म्हटलं.

झेंडाही तिनेच शिवलेला. बागेवर गारांसाठी ताणतात त्या काळ्या जाळीचा फाटका तुकडा, आणि त्यावर पांढऱ्या पोत्याची अक्षरं. खोऱ्यात अशा झेंड्याची गाठ त्याच्याच वस्तीच्या माणसाने मारायची, आणि ज्याने मारली त्यानेच सोडायची. परक्याचा हात लागला की हाणामारी. आणि दुसऱ्याचा झेंडा पळवला तर तो उलटा टांगायचा, म्हणजे अख्ख्या गावाला कळतं की हा चोरीचा माल. एकदा शेजारच्या पासो तोल्दो वस्तीच्या टोळक्याने हाच झेंडा पळवून आपल्या मैदानावर उलटा लटकवला होता. देल्फोर एकटा गेला आणि घेऊन आला, समोरचा एक दात तिकडेच ठेवून. त्या दिवशी रोलो त्याच्या गळ्यात पडून रडला. तेव्हा ‘भावा’ एकदाच म्हणाला होता.

शनिवारी दुपारी देल्फोर एका खांद्यावर झेंडा आणि दुसऱ्यावर गिटार घेऊन मैदानावर पोचला. मंचामागे माते चालू होती, म्हणजे कडू पानांचा चहा. कपासारखा एकच पोकळ भोपळा, ओढायला एकच नळी, हातोहात फिरणारी. पण थर्मास एका अनोळखी माणसाकडे होता. कोरीव दाढी, इस्त्रीचा काळा शर्ट.

देल्फोर जागीच थांबला. ग्रानिसोची माते तीस वर्षं तोच ओतत आला होता. ओतणाऱ्याच्या हातातला थर्मास दुसरा कोणी घेत नाही. व्हॅन बंद पडो, बायको बाळंत होवो, ओतणारा तोच. आणि हा दाढीवाला उकळतं पाणी ओतत होता! पानं करपल्याचा वास दूरवर येत होता. देल्फोरचं पाणी जरासं तापलं तरी बेतो किंचाळायचा, “अरे पिंपा, जीभ आहे ही, चूल नाही!” तोच बेतो आज करपलेली माते मुकाट ओढत होता. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, आणि नजर बुटांवर.

बेतोची ती खाली घातलेली नजर बघूनच देल्फोरला सगळं कळलं.

“आलास भावा!” रोलो हात पसरून पुढे आला. “हा सांतियागो. म्हणजे कसं आहे भावा, त्या कंपनीवाल्यांना जरा वेगळा चेहरा हवा होता. तू तर घरचाच आहेस, भावा.”

“कधी ठरलं?”

“तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय.”

“खुर्ची? आमच्या गाण्याला कोण रे खुर्चीत बसतं? नवरीचा बाप?”

बेतोला हसू फुटलं, आणि तो लगेच खोकल्यासारखं करू लागला.

“पिंपा, तमाशा नको,” रोलो हळूच म्हणाला. “झेंडा तेवढा मागे बांध. तुझ्यासारखी गाठ कुणाला जमते?”

“बेतो, तुला माहीत होतं?”

बेतोने भोपळा परत केला. “मला पण काढतील म्हणाला रे.”

देल्फोरने खांद्यावरचा झेंडा उलगडला. शिडी लावून वर चढला आणि झेंडा बांधला, पक्क्या गाठी मारून. खालून सांतियागो म्हणाला, “काका, उलटा बांधलात वाटतं.”

“हो,” देल्फोर म्हणाला, “बरोबर बांधलाय.”

रोलोने मान वर केली तेव्हा माणसं फाटकातून आत येऊ लागली होती. त्यांच्या देखत देल्फोरच्या गाठीला हात लावायची त्याची हिंमत नव्हती, आणि बेतो जागचा हलेना.

ऊन अजून पिवळं होतं. शीतगृहातले, पेट्या ठोकणारे, फावडंवाला बापसुद्धा, आता म्हातारा. ओरडत आत यायचे, झेंडा बघायचे आणि गप्प व्हायचे. मग मंचावर देल्फोरला शोधायचे. काळा शर्ट दिसायचा. रोलोने नेहमीची पहिली ओळ म्हणून माईक लोकांकडे वळवला. दुसरी ओळ नेहमी लोक म्हणायचे. आज कोणी म्हटली नाही.

“अरे भावांनो,” रोलो म्हणाला. “काय झालं, भावांनो? म्हणा ना, भावांनो!”

देल्फोर तेव्हा कुंपणाबाहेर पोचला होता. ओदिलिया सायकल धरून उभी होती. ‘सांगितलं होतं ना’ तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने नुसती सायकल त्याच्याकडे वळवली. आत गाणं रेटत पुढे निघालं. देल्फोरची बोटं आपोआप पँटवर हलू लागली, आणि दुसऱ्या कडव्यापाशी, जिथे बेस एकटाच उरतो, तिथे तो थांबून ऐकू लागला. सांतियागोने कुठेतरी चुकावं म्हणून.

तो चुकला नाही.

“चल,” देल्फोर म्हणाला, आणि गिटार सायकलच्या कॅरिअरला बांधायला लागला. ती गाठ मात्र त्याला दोनदा सोडून बांधावी लागली.