रुद्रप्पांच्या घरचा बस्ता

नांदूरघाटच्या पेठेत रुद्रप्पा शेटे यांचं कापडाचं दुकान आहे. साड्या ते पोटासाठी विकतात. त्यांचा खरा नाद जोड्या वाचण्याचा. गादीवर दोन माणसं येऊन बसली, मग ती नवरा-बायको असोत नाहीतर सासू-सून, की अप्पा साड्यांकडं बघायचं सोडून देतात. हिच्या मनात काय आहे, त्याला हिच्या मनात काय आहे असं वाटतं, आणि त्याला काय वाटत असेल याबद्दल हिला काय वाटतं, एवढी तीन मजली इमारत ते पाण्याचा पेला पुढं करेपर्यंत बांधून मोकळे होतात. विद्यापीठातले लोक यासाठी प्रश्नावल्या छापतात म्हणे. अप्पांना गादी पुरते.

"बाई जिला हात लावीत न्हाई, ती साडी तिच्या मनात बसलेली," हा त्यांचा पहिला नियम. "कावून? शेजारी नवरा हाय. हात लावला की त्याला कळंल, आन् कळलं की तो हटकून दुसरी घे म्हणंल."

मग अप्पा ती साडी नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवतात. "दादा, तुमची नजर कुठं गेली ते मी बघितलं बरं का!"

दादांची नजर पंख्याकडं गेलेली असते. पण त्या क्षणापासून ती साडी दादांची पसंती होते. दादा छाती काढून बाहेर पडतात आणि मागून ताई "ह्यांचंच ऐकावं लागतं बाई" म्हणत पिशवी सांभाळतात. मी पाच वेळा असा दादा झालेलो आहे. परवापर्यंत माझा समज होता की मला रंगातलं कळतं.

तर अशा या अप्पांच्या योगीराजचं लग्न ठरलं. मुलगी तलवाड्याची, तेजश्री. आता बस्ता कुठं बांधायचा? लग्नाचे कपडे दोन्हीकडच्या मंडळींनी एका दुकानात बसून घ्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज. कापडवाल्याच्या पोराचा बस्ता दुसऱ्याच्या दुकानात झाला, तर उद्या त्या कापडवाल्याची पायरी कोण चढेल? अप्पांची बत्तीस वर्षांची अब्रू एका बैठकीवर टांगली होती.

बैठकीला मुलीचे वडील मन्मथअप्पा आणि आई सत्यशीलाबाई आले. मी शेजारधर्म म्हणून, म्हणजे चहासाठी, हजर होतो. अप्पांनी डोळे बारीक केले आणि इमारत बांधायला घेतली. आपणच 'आमच्या दुकानात करू' म्हणालो, तर यांना वाटणार, व्याह्यानं गिऱ्हाईक धरलं. व्याह्याशी घासाघीस कशी करायची? त्यापेक्षा दुसऱ्या दुकानाचं नाव घ्यावं. म्हणजे हेच म्हणतील, 'छे, घरचं दुकान सोडून कुठं?'

"आमच्या टपरीत काय ठेवलंय इवाई," अप्पा म्हणाले. "माजलगावला जाऊ. तिथं तीन मजली दुकान हाय."

मन्मथअप्पांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं चहाच्या बशीकडं पाहिलं.

"तुमी म्हणताव तसं," मन्मथअप्पा म्हणाले.

अप्पांचा चेहरा पाण्यात पडलेल्या मांजरपाटासारखा आटला. "ऊन लई हाय पण," त्यांनी शेवटची धडपड केली.

"उन्हाचं काय, सकाळीच निघू की!"

मल्लम्माकाकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, कपबशा गोळा करत होत्या. त्या अप्पांकडं बघून नुसत्या हसल्या. अप्पांनी त्याचा अर्थ लावला नाही. घरच्या माणसाचा अर्थ लावायची त्यांना सवयच नव्हती.

माजलगावात दुकानदार सुरजशेठनं हात जोडून दोन्हीकडच्या पंचवीस माणसांना वर नेलं. अप्पा जन्मात पहिल्यांदा गादीच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले. पाय कुठं ठेवावेत कळेना. हात तर ऐकेनातच. सुरजशेठ साडी उलगडायचा आणि अप्पा ती घडी घालून ठेवायचे.

शेट्यांच्या घरची रीत अशी, की पहिली साडी मानाची, विहीणबाईंची. ती ठरल्याशिवाय नवरीचा शालूसुद्धा उघडत नाहीत. आणि सत्यशीलाबाईंना काही पटेना. साठ साड्या झाल्या. सुरजशेठला घाम फुटला.

"इहीणबाई, मनात काय हाय ते सांगा तरी!" अप्पा काकुळतीला आले. जोड्या वाचणाऱ्या माणसावर सरळ विचारायची पाळी आली होती.

"अंजिरी, हिरव्या काठाची," बाई पदराआडून म्हणाल्या. "पण ती हितं न्हाई."

"मग कुठं हाय?"

उत्तर मल्लम्माकाकूंनी दिलं. "आपल्या दुकानात. तिसरी फळी, डावीकडून दुसरी. सुपारी फुटली त्या दिशी दुकानात आल्या, तवा त्यांनी दोनदा बघितली. हात लावला न्हाई."

त्या दिवशी अप्पा मन्मथअप्पांचा चेहरा वाचण्यात गुंतले होते.

"मग बोललाव कावून न्हाई?" अप्पा ओरडले.

"तुमीच म्हणलाव, टपरीत काय ठेवलंय!" मन्मथअप्पाही चढले. "आमी म्हणलं, इवायाला आपली माणसं दुकानात नको असतील. तुमचं मन राखायला आलो बे आमी!" व्याह्याला 'बे' म्हटल्याचं ध्यानात येऊन त्यांनी जीभ चावली.

अप्पा बायकोकडं वळले. "तुला ठावं होतं, तर तू तरी सांगायचं!"

"दोघांच्या मनातलं तुमाला कळतं, असं बत्तीस वर्षं ऐकते," काकू म्हणाल्या. "म्हणलं, ओळखा."

"चला, जिपा काढा, नांदूरघाट!" मन्मथअप्पा उठले. मागोमाग पंचवीस माणसं उठली. महिनाभर अप्पांना जे हवं होतं ते हेच. पण अप्पा उठेनात. समोर साठ साड्यांचा ढीग, त्यामागं सुरजशेठचं तोंड. असा ढीग करून रिकाम्या हातानं उठणाऱ्यांच्या सात पिढ्या अप्पांनी बत्तीस वर्षं उद्धारल्या होत्या. आज त्या पिढ्या शेट्यांच्या निघाल्या असत्या.

"बसा खाली," ते पडेल आवाजात म्हणाले. आणि अख्खा बस्ता माजलगावला झाला. अप्पांच्या दुकानातून गेली ती एकच अंजिरी.

पेठेत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारायचं, "अप्पा, माजलगावचं ते दुकान कोणत्या गल्लीत?" अप्पा बिचारे खाणाखुणांसकट सांगायचे.

दुकान तारलं ते अंजिरीनं. मांडवात बाया सत्यशीलाबाईंना "कुठली हो?" विचारायच्या आणि त्या "नांदूरघाटची, इहीणबाईंनी मनातली ओळखली" असं सांगायच्या. दुकानाची अब्रू राहिली, पण मल्लम्माकाकूंच्या नावानं.

परवा मी गेलो तेव्हा एक जोडपं गादीवर होतं. अप्पांनी विद्येला रामराम ठोकलाय; सरळ विचारतात. "ताई, तुमाला कोणती पाहिजे?"

ताईंनी दादांकडं पाहिलं. दादांनी पंख्याकडं.

"दाखवा तुमीच," दोघं एकदम म्हणाली.

अप्पा हताश होऊन गल्ल्याकडं वळले. तिथं आता मल्लम्माकाकू बसतात. त्या फॉलचा दोरा दातानं तोडत, वर न बघता म्हणाल्या, "जांभळी द्या. आन् दादाच्या गुडघ्यावर ठेवा."